फुली वाकडी दिसल्यास

जळगावात आमचा एक छोटा नेमबाजी क्लब आहे. क्लब म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं एक गोदाम. एका टोकाला टेबलं, दहा मीटरवर टार्गेटं, वर पत्रा. जिनिंग बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी वारा सुटला की पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांतून कापसाचा एखादा जुना पुंजका तरंगत खाली येतो आणि नेमका कुणाच्या तरी नळीवर बसतो. क्लबची सचिव मी. दिवसा केळीच्या पॅकहाउसमध्ये खोकी मोजते, संध्याकाळी इथे छर्‍यांचे डबे. मला सचिव करण्यामागे फार मोठं कारण नव्हतं. किल्ल्या कुठे आहेत ते मलाच ठाऊक असायचं.

नवशिक्यांसाठी आमच्याकडे दोन एअर रायफली आहेत, त्यांवर दुर्बीण बसवलेली आहे. तिला आम्ही स्कोप म्हणतो. आत डोळा लावला की दोन बारीक काळ्या रेघांची फुली दिसते. फुलीचा मध्य टार्गेटच्या मध्यावर आणायचा आणि चाप ओढायचा. पण स्कोप त्याच्या कड्यांमध्ये जरासा फिरला की फुली एका अंगाला कलते. मग दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी माझ्याकडे येतं, "ताई, फुली वाकडी झाली."

एकच गोष्ट दहा जणांना दहा वेळा सांगणं मला पटत नाही. मी एक कागद लिहिला आणि भिंतीवर चिकटवला.

'स्कोपची फुली वाकडी दिसल्यास: १. रायफल वाळूच्या पिशव्यांवर सपाट ठेवा. २. समोर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीकडे स्कोपमधून पाहा. ३. कड्यांचे स्क्रू सैल करून, फुलीची उभी रेघ दोरीशी जुळेपर्यंत स्कोप फिरवा. ४. सगळे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ५. न जमल्यास सचिवांना विचारा.'

दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं:

'६. सचिवांना न जमल्यास मान तिरपी करा. ७. मान वळत नसल्यास फुलीला केळीसारखा बांबूचा टेकू द्या. ८. भरीत जास्त झालं की माणूसच एका अंगाला कलतो. झोप काढून पुन्हा पाहा. ९. लग्नाला वीस वर्षं झाली असल्यास वाकडं तसंच चालवून घ्यायची सवय असते. ती वापरा.'

मी खोडरबर घेऊन सहा ते नऊ पुसलं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथे होतं, या वेळी पेनाने.

हे पुंडलिकआबांचं अक्षर. फळ्यावर लिहायची सवय असलेलं, मोठं आणि डावीकडे रेललेलं. आबा धुळ्याच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. निवृत्त झाल्यावर जळगावला गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत घर बांधलं, आणि घराचं काम चालू असतानाच आमच्याकडे येऊ लागले. म्हणाले, "घरी मिस्त्रीशी भांडतो, इथे तुमच्याशी भांडेन. दोन्हीकडे चहा मिळतो." महिन्याभरात ते क्लबचे प्रशिक्षक झाले. नेमणूक कुणी केली हे मला अजून सापडलेलं नाही.

गळ्यात शिट्टी. गोदामात शिट्टीचं काही काम नसतं, पण ती काढली की मान हलकी लागते म्हणायचे. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, दर रविवारी धुतलेले. शर्टाच्या खिशात फुटाणे. कुणी दहा गुण मारले की एक फुटाणा हातावर ठेवायचे, तोंडाने कौतुक नाही. फार झालं तर, "लागला का? मग पाहत होतास कुठे?" छर्रा टार्गेटच्या कडेला गेला की, "पाहुणे आले. बसायला सांगा." पार कागदाबाहेर गेला तर हात जोडायचे, "हे पाहुणे शेजारच्या घरी गेले. बरं झालं."

शनिवारी ते स्वतः पाच छर्रे मारून दाखवायचे, तेही नवशिक्यांच्या स्कोपवाल्या रायफलीने. मारून झाले की टार्गेटकडे न बघता उठायचे आणि कागद कुणाच्या तरी हातात द्यायचे. पाचही छिद्रं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात. मग आमच्यातलं कुणी तरी ते नाणं ठेवून बघायचं, आणि आबा तोवर बाहेर जाऊन बूट झटकत असायचे. स्तुतीच्या वेळी हजर राहायचं नाही हा त्यांचा नियम होता, पण ती होते आहे की नाही हे दाराआडून ऐकायचे. मी पाहिलंय.

माझ्याशी त्यांचं विशेष जमायचं, म्हणजे ते माझी टिंगल करायचे आणि मी कामं करायची. माझ्या याद्यांना ते 'लग्नाचा बस्ता' म्हणत. "ताई, मी मेलो तर काय काय आणायचं याची यादी झाली का?" म्हटलं, "झाली. शिट्टी काढून ठेवायची, एवढंच लिहायचं राहिलंय." त्यावर ते इतके हसले की रायफल खाली ठेवावी लागली.

आमच्याकडे एक वकील येतात, बऱ्हाटे. मूळचे सावद्याचे. माणूस चांगला, पण कुठलीही वस्तू सगळ्यात महाग तीच आणतात. त्यांनी नवा स्कोप आणला, स्वतःच बसवला, आणि फुली चांगलीच कलली. ते आबांकडे गेले. कागद वाचणं त्यांच्या मानात बसत नव्हतं.

"आबा, ही फुली वाकडी आहे."

आबांनी डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. रंगात आले की ते धुळ्याकडच्या अहिराणीत शिरायचे. "फुली वाकडी नई शे, वकीलसाहेब. तुम्ही वाकडा शेतस."

"थट्टा नको हो. काय करू?"

"नवा माल शे ना? आतली काच अजून बसली नाही. रायफल घरी न्या, भिंतीला उभी करा, नळी वर. रात्रभर ठेवा. फुली आपोआप खाली बसते. तुरीच्या वरणात डाळ खाली बसते का वर?"

कुणी हसलं नाही, कारण आबा हसले नव्हते. मला वाटलं, एवढं कोण ऐकेल. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब रायफल घेऊन आले. आबांनी विचारलं, "काय, बसली?"

वकीलसाहेब गंभीरपणे म्हणाले, "पूर्ण नाही. पण फरक आहे."

गोदामात हसण्याचा जो आवाज झाला त्याने पत्र्यावरची कबुतरं उडाली. आबा मात्र वकिलांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना टेबलापाशी घेऊन गेले, ओळंब्याची दोरी दाखवली, स्क्रू सैल करून दिले आणि बाजूला उभे राहिले. वकिलांनी स्वतः फुली सरळ केली. त्यांना एक फुटाणा मिळाला. त्या दिवसापासून बऱ्हाटे आबांचे भक्त झाले. थट्टा करून माणूस जोडायची ही कला मला कधी जमली नाही. मी नुसतं बरोबर सांगते आणि माणसं तुटतात.

आबांच्या घराचं काम संपत आलं होतं. शेवटी राहिली न्हाणीघराची फरशी. भिंतीला पांढऱ्या चौकोनी टाइल्स, मध्ये एक निळी पट्टी. सलीम मिस्त्री हा जळगावातला नावाजलेला माणूस. त्याने टाइल्स बसवल्या आणि आबांनी दुसऱ्या दिवशी त्याला परत बोलावलं. निळी पट्टी मधोमध पोट काढते म्हणून. सलीमने बघितलं, त्याला काही दिसेना. पण म्हातारा माणूस, गुरुजी, वाद कशाला. त्याने मधल्या चार टाइल्स काढून नव्याने बसवल्या. आबांनी पुन्हा बोलावलं. आता पट्टी आणखीच फुगली होती म्हणे.

हा प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला, कारण त्या दिवशी मी क्लबच्या विम्याच्या कागदावर आबांची सही घ्यायला गेले होते. न्हाणीघरात आबा, सलीम, आणि दारात आबांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. सलीमने भिंतीला लांब पट्टी लावली. पट्टी आणि टाइल यांच्यात नखाइतकी फट नाही.

"आबा, देखा ना. एकदम सीधी लाइन हाये."

"पट्टी वाकडी असेल."

सलीमने ओळंबा सोडला. पितळी वजन दोरीच्या टोकाशी फिरत फिरत स्थिर झालं. उभ्या सांध्यावर दोरी अशी बसली की दोरी कुठली आणि सांधा कुठला ते कळेना.

आबांनी डोकं इकडे तिकडे केलं. "ओळंबाबी वाकडा शे तुना."

सलीमने माझ्याकडे पाहिलं. "ताई, वाकडा ओळंबा कसा असंल? तो तर जमिनीकडंच जातो ना भाऊ."

"मग जळगावची जमीन वाकडी शे," आबा म्हणाले. "धुळ्याला असं होत नव्हतं."

आम्ही हसलो. सलीमसुद्धा हसला. अक्का हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "यांना परवापासून दाराची चौकटपण वाकडी दिसते. सुताराला बोलवा म्हणतात. मी म्हटलं, आधी घर तर उभं राहू द्या." मी तो विनोद समजले. सही घेतली आणि परत आले.

त्यानंतरच्या शनिवारी आबांनी पाच छर्रे मारले नाहीत. "आज खांदा भरलाय." पुढच्या शनिवारी मारले, पण कागद कुणाच्या हातात न देता घडी करून खिशात टाकला. मग म्हणाले, स्कोप खराब झाला. फुली वाकडी आहे.

मी लगेच कागदावरच्या एक ते चार क्रमांकाप्रमाणे तपासणी केली. रायफल सपाट. दोरी टांगलेली. फुलीची उभी रेघ दोरीवर तंतोतंत. बऱ्हाटे वकिलांनीही पाहिलं. आता त्यांचा वार करायचा दिवस होता. "आबा, रायफल रात्रभर भिंतीला लावून ठेवा."

आबा हसले, पण हसणं लवकर संपलं. "कललेली नाही म्हणत मी. मोडलीये. मधोमध मोडून पुढे गेलीये. जुन्या तारेसारखी."

कललेली फुली मी शेकडो वेळा पाहिली होती. मोडलेली कुणी कधी सांगितली नव्हती. मी म्हटलं, "आबा, स्कोप राहू द्या. नुसत्या डोळ्याने दोरी बघा."

"बघितली. तीपण मोडलीये."

"आता उजवा डोळा झाका."

त्यांनी तळहात डोळ्यावर ठेवला. दोरी बघितली. मग हात डाव्या डोळ्यावर नेला. पुन्हा उजव्यावर. पुन्हा डाव्यावर. शिट्टी छातीवर हलत होती तेवढीच. गोदामात वकील आणि मी दोघंच होतो, आणि आम्हा दोघांना एकदमच कळलं. आबांना आमच्याआधी कळलं होतं.

"डाव्याने सरळ शे," ते म्हणाले. मग हात खाली घेत, "सलीमला उगाच दोनदा बोलावलं."

मी म्हटलं, सोमवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आबांनी कारणं काढली. चष्म्याचा नंबर बदलला असेल. मोतीबिंदू असेल, तो काय पिकल्याशिवाय काढत नाहीत. धुळ्याला एक ओळखीचा चष्मेवाला आहे, सणाला जाऊ तेव्हा बघू. आणि अक्काला सांगू नका. मी सगळं ऐकून घेतलं, घरी गेले आणि अक्कांना फोन केला. अक्का एवढंच म्हणाल्या, "रिक्षा किती वाजता?"

दवाखान्यात बसल्यावर आबा रंगात आले. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघून म्हणाले, "या मास्तरला फळ्यावर लिहिता येत नाही. वरती एवढं मोठं आणि खाली जागा संपली." शेजारचा चोपड्याचा एक शेतकरी डोळ्याला पट्टी बांधलेली असूनही हसला. आत डॉक्टरांनी त्यांना चौकोनांच्या जाळीचा एक कागद दाखवला आणि एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. डाव्या डोळ्याने जाळी ठीक. उजव्याने बघताना आबा म्हणाले, "हे सलीमचंच काम."

मग पुष्कळ तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी सूज होती. ज्या जागेने माणूस वाचतो, चेहरे ओळखतो, नेम धरतो, तीच जागा. मोतीबिंदूसारखं थांबून चालत नाही. उपचार केला नाही तर उजव्या डोळ्याची मधली नजर जाईल. केला तर आहे तेवढी बहुधा टिकेल. गेलेली किती परत येईल हे सांगता येत नाही.

"हे कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार-पाच दिवस," आबा म्हणाले.

"फरशी बसवली तेव्हापासून," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांना काही कळलं नाही. मी आठवडे मोजून सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आबांकडे पाहिलं. आबांनी बुटांकडे पाहिलं.

उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. एक नाही, दर महिन्याला, काही महिने. हे ऐकल्यावर आबा ताडकन उभे राहिले. "डोळ्यात? सुई? मना डोया शे डॉक्टर, कपाशीनं पोतं नई."

"दुखत नाही आबा. थेंब टाकून बधिर करतो."

"ते ठीक. पण तुमचा नेम कसाय? आमच्या क्लबात येऊन पाच छर्रे मारून दाखवा. नाण्याखाली बसले तर बघू."

डॉक्टर हसले. नर्स हसली. मीसुद्धा हसले, सवयीने. अक्का मात्र उठल्या, आबांच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. "हसवून झालं सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "आता सांगा. मी दिसते का त्या डोळ्याने?"

आबा उभेच होते. त्यांनी डावा डोळा झाकला आणि बायकोकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की डॉक्टरांनी मान दुसरीकडे वळवली.

"कडेने दिसतेस," आबा म्हणाले. "पदर दिसतो. बांगड्या दिसतात. मध्ये..." त्यांनी हाताने हवेत काही तरी पुसल्यासारखं केलं. "मध्ये कुणी बोट फिरवलंय."

त्यांना पहिल्यांदा मी विनोदाशिवाय वाक्य पूर्ण करताना ऐकलं. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "द्या सुई."

सहा महिने इंजेक्शनं चालली. माझ्याकडे तारखा होत्या, रिक्षावाल्याचा नंबर होता, थेंब कधी टाकायचे तो तक्ता अक्कांच्या फ्रिजवर लावलेला होता. त्यात आबांनी काहीही भर घातली नाही, यावरून मला काळजी वाटायची. तिसऱ्या महिन्यात तक्त्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली, 'थेंब चुकून नाकात गेल्यास वास सरळ येतो.' त्या दिवशी मी आणि अक्का चहाचे कप हातात घेऊन फ्रिजसमोर बराच वेळ उभ्या होतो.

डोळा टिकला. सूज उतरली. पण मधला डाग राहिला आणि त्याच्या कडेच्या रेघा अजून वाकतात. उजव्या डोळ्याने आता ते नेम धरू शकत नाहीत. डाव्या खांद्यावरून मारून बघितलं. छर्रा शेजारच्या टार्गेटवर गेला. बऱ्हाटे वकिलांनी हात जोडले आणि तसेच धरून ठेवले. आबाच म्हणाले, "बोला ना. पाहुणे कुठे गेले?"

पुढे ते धुळ्याला परत गेले. मुलगी तिथे आहे, स्कूटर चालवणं बंद झालं होतं, आणि जळगावच्या घराला भाडेकरू चांगले मिळाले. जाण्याआधी सलीम मिस्त्रीच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते सलीम सांगत नाही. विचारलं की म्हणतो, "गुरुजी आले होते. भजी खाऊन गेले."

मागच्या हिवाळ्यात पॅकहाउसच्या कामाने मी धुळ्याला गेले होते. काम लवकर आटोपलं. परतीच्या बसला वेळ होता म्हणून आबांच्या जुन्या शाळेवरून गेले. शाळेचे खेळ व्हायचे होते आणि मैदान आखण्याचं काम चालू होतं. आबा तिथे होते. त्यांना कुणी बोलावलं होतं की तेच जाऊन उभे राहिले होते, देव जाणे. एका हाताने फक्कीचा डबा खाली धरलेला, त्याच्या भोकांतून पांढरी भुकटी जमिनीवर सांडत होती. दुसरा तळहात उजव्या डोळ्यावर. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे रेघ संपायची होती, तिथे अक्का उभ्या होत्या, खुणेच्या खांबासारख्या, पदर खोचून. आबा त्यांच्याकडे बघत, एकेक पाऊल टाकत, रेघ ओढत येत होते.

"डावीकडे जाताय!" अक्का ओरडल्या.

"नई. सरळ शे मी."

"अहो, डावीकडे!"

"मग तू सरक ना थोडी!"

अक्कांनी कमरेवर हात ठेवले. मैदानात आणखी दोन शिक्षक होते, ते दुसऱ्या बाजूला दोरी ताणत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. अक्कांनी त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं. मग पायांतल्या चपला न उचलता, धुळीत घसटत, त्या अर्धं पाऊल बाजूला झाल्या आणि पुन्हा ताठ उभ्या राहिल्या. माझी बस लागायची वेळ झाली होती. मी फाटकाशीच होते. आबा डोळ्यावरचा हात न काढता चालत राहिले, आणि रेघ बरोबर अक्कांच्या दोन पायांच्या मध्ये येऊन थांबली.